लाल घोड्याचा खंडोबा

"आजी, हा देव नाहीये!"

"तोंड सांभाळ. आपलं कुलदैवत आहे ते."

"पण खंडोबाचा घोडा व्हाइट असतो ना? हा रेड आहे."

"मस्कतच्या उन्हात तापला असेल!"

ज्या घोड्यावरून हे चाललं होतं, तो माझ्यावर रंगवलेला. मी एक तसबीर आहे. अल् घुब्राच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये देवांच्या कपाटात चार वर्षं कोंडलेली. दार उघडतं ते आरतीपुरतं. उदबत्तीचा धूर आत येतो आणि दार बंद.

माझा जन्म रशियातला, क्रांतीनंतरच्या उपाशी वर्षांतला. चित्रकाराला घाई होती. लोकांना वाचता येत नव्हतं, पण भाल्याने अजगर मारणारा घोडेस्वार संत घरोघर ओळखीचा. त्याने तोच उचलला. डोक्यामागची प्रभावळ काढून टाकली, कामगाराची टोपी चढवली, अजगराला तीन मुंडकी दिली. देव नकोत म्हणणाऱ्यांनाही शेवटी देवाचाच घोडा लागला! मला तेव्हाच हसू आलं होतं.

पुढे सत्तर वर्षं ट्रंकेत गुंडाळी होऊन पडले. मग एका रशियन इंजिनीअरबाईने मला काचेत बसवून मस्कतला आणलं आणि मायदेशी परतताना घरातली वायरिंग बघणाऱ्या रामकृष्णला देऊन टाकलं. घोडा, भाला, पायाखाली राक्षस. त्याने हात जोडले. त्याच्या आईने, गंगुबाईने, काचेवर भंडारा थापला. हळदीआड मला नीट दिसेनासं झालं. मला कोणी विचारलं?

आज नात पूर्वा हटून बसली होती. मला पुसून शाळेच्या प्रदर्शनात न्यायचं होतं तिला. मला तरी दुसरं काय हवं होतं? तिने मला बाहेर काढून उलटं केलं. चौकटीमागे बाईने इंग्रजीत लिहिलं होतं, ते वाचलं आणि मला सुलटं करून एकेका मुंडक्यावर बोट ठेवलं.

"हा वर्कर आहे, आजी. हे डोकं राजाचं. हे फॅक्टरीवाल्याचं. आणि हे... ज्याची सगळी जमीन असते ना, आणि लोक त्याच्याकडे फुकट काम करतात, तो माणूस."

"खोत?"

गंगुबाईचा आवाजच बदलला. तिच्या बापाचं उभं आयुष्य कोकणात खोताच्या वेठीत गेलेलं. तिने मला हिसकावून घेतलं. पदराने त्या एका मुंडक्यापुरती हळद पुसली आणि भाल्याचं टोक कुठे घुसलंय ते बोटाने चाचपत राहिली.

"खलास! ने देवाला शाळेत, खोताचं मुंडकं बघू दे सगळ्यांना. पण उरलेला भंडारा पुसलास तर तंगडं मोडीन!"