कोहळ्यांनी शोषलेलं जहर

तिवशाच्या बाजारात देवीदासाच्या मेथीला कोणी आधी भाव विचारत नसे, आधी जुडी उचलत. पण ही गोष्ट कीड मारायची पावडर येण्याआधीची. एकसष्ट साली ती पावडर आली आणि हा शहाणा राखेसारखी उधळायला लागला. भाजीवर राख टाकायची जन्माची सवय. राख जास्त झाली म्हणून कधी कोणाचं बिघडलं होतं? किडी मेल्या, पण मातीलाच पावडरीचा कुबट वास धरला. मेथीचा घास घेतला की तोच वास घशात. बाजारातल्या बायका जुडी नाकाशी नेत आणि मुकाट्यानं खाली ठेवत. ते पाहून देवीदासाच्या अंगाची लाही होई.

उपाय सापडला त्याच्या बायकोला, माणिकबाईला, आणि तोही सहजासहजी. बांधाजवळ कोहळ्याचा एक वेल आपोआप पसरला होता. त्याचं कोहळं चिरलं तर पावडरीचा भपकारा आला. पण वेल काढल्यावर त्याच जागेवर मेथी निघाली ती मात्र पहिल्यासारखी.

"कोहळं जहर वढून घेते मातीतलं," माणिकबाई म्हणाली.

मग काय, देवीदासानं सगळ्या वाडीत कोहळीच लावली. दोन पावसाळे दुसरी भाजी नाही, नुसते वेल आणि त्यांची राखण. कोहळी धरली तीही अशी टपोरी की येणाऱ्याजाणाऱ्याचा हात पुढे व्हावा. मागेल त्याच्याशी हा भांडे. साऱ्या गावात त्याचं नाव चिकट म्हणून झालं.

दुसऱ्या वर्षी भाऊबीजेला त्याची बहीण सुभद्रा परतवाड्याहून आली.

"भाऊ, एक कोहळं दे ना. पोराइले गोड बोंडं तळून घालीन."

"नाई देत. जहर हाये त्याच्यात."

"वाडी भरून कोहळे पडून राहिले, अन् बहिणीनं मांगलं का जहर?"

"एकदा सांगतलं तं समजत नाई काय तुले? नाई म्हनलं ना!"

तो एवढ्यानं ओरडला की शेजारचे बाहेर आले. सुभद्रानं ओवाळायचं ताट तसंच ठेवलं आणि मिळेल त्या मोटारीनं निघून गेली. देवीदासाच्या फार जिव्हारी लागलं. पण चूक आपली नाही, असा त्याचा हेका. एकदा चांगली मेथी निघू दे, जुडी घेऊन तिच्या दारात उभा राहतो, असं तो माणिकबाईला सांगत राहिला.

वेल फळांसकट उपटले. उन्हाळ्यात वाडी नांगरली, खताच्या गाड्या टाकल्या. पाऊस ओसरल्यावर मेथी पेरली. मेथी हिरवीगार आली आणि भाऊबीजही जवळ आली. परतवाड्याला जायचं म्हणून देवीदास नवं धोतर नेसून वाडीत गेला, मेथी उपटली, दोन पानं तोंडात टाकली आणि थुंकला.

तोच वास.

तो वेड्यासारखा वाफ्यावाफ्यातून पानं तोडून चावत सुटला. सगळीकडे तोच वास. फक्त बांधालगतच्या पट्ट्यातली मेथी चांगली लागली.

"हितं काहून नाई वास?" तो माणिकबाईवरच खेकसला.

"खत नाई पुरलं हितं." ती बोलता बोलता थांबली. "मांगच्या साली उपटले ते वेल कुठीसा टाकले होते तुमी?"

"कुठीसा म्हंजे? उकिरड्यावर."

वाडीतून निघालेलं उकिरड्यावर आणि उकिरड्यातलं पुन्हा वाडीत, असंच त्याच्या बापानं केलं, आज्यानं केलं. दुसरी जागा त्याला सुचणार तरी कशी? देवीदासानं कपाळावर हात मारून घेतला आणि नव्या धोतरानिशी मातीत बसला.

माणिकबाईनं पट्ट्यातली मेथी उपटून जुडी बांधली. "हे घेऊन जा सुभद्राकडं. मोटार येईन आता."

"काय सांगू तिले?" तो कडाडला, आणि मग मातीवर हात टेकून पुटपुटला, "तिले एक कोहळं नाई देल्लं मी, अन् या मातीले सारेच्या सारे चारले."