गोदाबाईचा पाव्हना

मी भातकुलीच्या गोदाबाईचा कुत्रा बोलतोय. भुंकायची मला अजून लाज वाटते, पण सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ आहे.

माझा जन्म अमरावतीच्या कापूसबाजारातला, एका उभ्या बैलगाडीखालचा. सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई लागली होती म्हणे, आणि इथं कापसाला सोन्याचा भाव आला होता. मला मात्र कापूस आवडला तो मऊ म्हणून. थंडीत मी ढिगावर चढून झोपलो, तर राखणदाराने पायावर काठी घातली. पाय पुढे बरा झाला, भीती काही जाईना. माणसाचा हात वर झाला, मग तो पागोटं सावरायला का असेना, की मी भिंतीला चिकटायचो.

मला लंगडताना पाहून कुणीतरी पांजरपोळीत आणून सोडलं. म्हाताऱ्या, जखमी जनावरांसाठी व्यापाऱ्यांनी ती चालवली होती. तिथं देखभाल करणारा पुंजाराम भला माणूस. पण गायीबैलांनीच जागा भरलेली. मालकांनी त्याला सांगून टाकलं, कुत्र्याला घर बघ, नाहीतर बाजारात सोडून दे. बाजारात माझा निभाव लागला नसता, हे पुंजारामला कळत होतं आणि मलाही.

त्या दिवसांत घरोघरी कापूस, म्हणून ज्याला त्याला राखणीला कुत्रा हवा. पुंजारामने तिथंच घोळ केला. "लय तिखट हाये, सावलीवरबी धावते," असं सांगून त्याने मला एका अडत्याच्या गळ्यात बांधलं. मी पोत्यांमागे दडून बसलो. चोर आला असता तर आम्ही दोघंही एकमेकांना घाबरलो असतो. अडत्याने मला परत पाठवलं. परतवाड्याच्या एका गाडीवानानेही तेच केलं. दर खेपेला मी आणखी भेदरून यायचो.

मग गोदाबाई आली. एकटी बाई, थोडीशी शेती. पाय मोडलेला बैल पांजरपोळीत पोचवायला आली होती. खोटं बोलायचं आता पुंजारामच्या जिवावर आलं होतं.

"हे कुत्रं भुकत नाई, बाई. अंगाले हात लावू देत नाई. कोपरा पायते अन् बसते."

"मंग मले त्याची काय तकलीफ?" गोदाबाई म्हणाली.

घरी आणल्यावर ती भाकरी ठेवायची आणि पाठ करून आपल्या कामाला लागायची. शेजारची कौशल्या हसायची, "कावून पोसतं वं असं कुत्रं?"

"पाव्हना हाये थो. रुळू दे त्याले."

पेरणी तोंडावर आली. सरकीला कापसाचे तंतू चिकटलेले असतात, म्हणून पेरण्याआधी ती शेणामातीत घोळून मोकळी करतात. गोदाबाई अंगणात बसून दोन्ही हातांनी सरकी चोळत होती. हात कोपरापर्यंत बरबटलेले. ते हात मला धरणार नाहीत, हे मला उमगलं. मी उठलो, थांबलो, पुन्हा निघालो आणि तिच्या कोपराला नाक लावलं. तिने चोळणं थांबवलं नाही. "आला का, पाव्हन्या?" एवढंच म्हणाली. मी तिच्या मांडीला टेकून पडलो. इतकं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

पुढे एकदा पुंजाराम माझी खबर घ्यायला आला. दारातच उभा राहिला. "दोन घरून परत आलं हे. आता हेबी घर सुटते का, म्हनून जिवाले चैन नाई. नेऊ का त्याले परत?"

मी गोदाबाईच्या मागे सरकलो.

"मले काय इचारता, पुंजारामभाऊ? दार उघडं हाये. त्याले इचारा."

पुंजारामने हाक मारली. त्याचं अन्न मी खाल्लं होतं, म्हणून त्याच्याजवळ गेलो, शेपूट हलवलं, आणि मागे येऊन गोदाबाईच्या पायाशी बसलो. पुंजाराम उंबऱ्यावरच टेकला आणि उपरण्याने डोळे पुसत म्हणाला, "घोरातून सुटलो, बाई."

आता माझं तोंड पांढरं झालंय. कापसाचा भाव केव्हाच उतरला. गोदाबाई जाता-येता माझ्या डोक्यावरून हात फिरवते, आणि मी डोळे मिटून घेतो. तुमच्याही गावात कुणी भेदरलेला असेल, तर त्याला घरी न्या, पण घाई करू नका. भाकरी कुणीही टाकतं. आमच्यासारख्याला थांबणारं माणूस लागतं.