झटका मशीन बंद ठेवा

दिवेलागणीला चांदूर बाजारच्या रस्त्यावर टेम्पो उभा करायला जागा उरली नव्हती. नितेशच्या भुईमुगाच्या वावराला लागून असलेल्या पडीक जमिनीवर माणसं दाटीनं बसली होती आणि सगळ्यांच्या नजरा एका जुन्या पांढऱ्या ॲम्बेसिडरवर खिळल्या होत्या. गाडी बंद. किल्ली गाडीवाल्या महाराजांनी सर्वांसमक्ष एका म्हातारीच्या ओटीत टाकलेली. गाडीतल्या रेडिओचा काटा अशा जागी, जिथं कुठलंच केंद्र लागत नाही. तरीही रेडिओ बोलू लागला. बाईचा आवाज, दुरून आल्यासारखा, मधेच बुडणारा, पुन्हा वर येणारा. भाषा कुणालाच कळेना.

"ही पितरांची भाषा," गाडीवाले महाराज म्हणाले. "आपल्याला समजत नाही, कारण आपण अजून जिवंत आहोत."

लोकांनी हात जोडले. मागे उभ्या असलेल्या रागिणीनं जोडले नाहीत.

ती अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायची. नितेश तिचा धाकटा भाऊ. त्याच्या सहावीतल्या मुलीला, अपेक्षाला मधुमेह होता, रोज इन्सुलिन घ्यावं लागायचं. त्या संध्याकाळी महाराजांनी पितरांचा निरोप सांगितला: पुढच्या गुरुवारच्या दर्शनापासून पोरीला सुई लावायची नाही. घरात असेल तेवढं इन्सुलिन लाल फडक्यात बांधून कौंडण्यपूरला नदीत सोडायचं. तिचं दुखणं पितर घेऊन जातील.

घरी आल्यावर रागिणीनं भावाला शांतपणे समजावलं. अपेक्षाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बंद केलं तर पोरगी काही दिवसही काढणार नाही. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं. नितेशनं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तू शिकलेली हायेस. पण आवाज तं तूनंबी आयकला ना? बंद गाडीत कोण बोलून राहिलं मंग?"

प्रश्न रास्त होता. म्हणून रागिणी आईला, लीलाबाईंना, महाराजांचे नियम विचारू लागली. त्यांना ते तोंडपाठ होते. दिवसा पितर येत नाहीत. मोबाईल घरी ठेवायचे. जवळपास एकही मोटरसायकल सुरू नको. एलईडी दिवा नको, तेलाचीच समई हवी. आणि आजूबाजूच्या वावरांतली झटका मशीन बंद ठेवायची.

"झटका मशीन कावून?"

"पितराईले करंट सोसत नाई म्हणे."

रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत थोड्या थोड्या वेळानं विजेचा झटका सोडणारी ही मशीन नितेशनं महाराजांच्या शब्दाखातर दोन गुरुवार बंद ठेवली होती. दोन्ही वेळा डुकरांनी भुईमूग उकरून टाकला. लीलाबाई त्याला नैवेद्य म्हणत होत्या.

रागिणीला त्या रात्री झोप आली नाही. देवाला कांदा चालत नाही, चामडं चालत नाही, हे तिनं ऐकलं होतं. पण मोबाईल, एलईडी, इंजिनची ठिणगी आणि कुंपणाचा झटका, या सगळ्यांचं वावडं असलेली एकच वस्तू तिला माहीत होती. रेडिओ. या प्रत्येक गोष्टीनं रेडिओत खरखर येते. आणि अंधार पडल्यावर दूरदेशीची शॉर्टवेव्ह केंद्रं जास्त चांगली ऐकू येतात. पण गाडीच्या रेडिओला शॉर्टवेव्ह नसते. म्हणजे मधे काहीतरी बसवलेलं होतं.

अमरावतीला परतल्यावर प्रयोगशाळेत तिनं ते स्वतःच तयार केलं. एक ट्रान्झिस्टर, एक क्वार्ट्झचा स्फटिक, हातानं गुंडाळलेल्या दोन कॉइल, नऊ व्होल्टची बॅटरी, आणि सगळं बसवायला पत्र्याचा डबा. हा डबा शॉर्टवेव्हवरचा आवाज पकडतो आणि गाडीच्या रेडिओला कळेल अशा मीडियम वेव्हच्या पट्ट्यात आणून सोडतो. तिनं तो आपल्या जुन्या मारुतीच्या रेडिओला जोडला, झाडावर तार टाकली आणि संध्याकाळी काटा हळूहळू फिरवला. तीच बाई बोलू लागली. रागिणीनं आवाज टिपून मोबाईलकडून भाषांतर करून घेतलं. परदेशी केंद्रावर भाषेचा धडा चालला होता. पितर नासपतीचा भाव विचारत होते.

गुरुवारी ती डबा बसवलेली मारुती घेऊन गावी आली आणि आधी आईकडे गेली.

"माय, मी हात वर केला की मशीनचा खटका दाबजो."

"पितर कोपतीन वं."

"खरे पितर असतीन तं कुंपणानं त्याईचं काय बिघडते?"

लीलाबाई उठल्या. दिवेलागणीच्या आधीच त्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, मशीन ठेवलेल्या झोपडीत जाऊन बसल्या.

रेडिओ बोलू लागला. रागिणीनं हात वर केला. टक्. टक्. टक्. रेडिओतल्या बाईच्या आवाजावर कुणी काठी आपटावी तसा ठोका पडू लागला. महाराज उभे राहिले. "कुणीतरी अपवित्र मनानं आलंय. पितर रागावलेत." टकटक थांबली. "शांत झाले," महाराज म्हणाले. पुन्हा टक्. टक्.

झोपडीच्या दारात लीलाबाई आल्या. "कोणी रागावलं नाई, महाराज. मी खटका दाबून राहिली."

कुणीतरी हसलं. तेवढ्यात रागिणीनं गर्दीच्या मागे, झाडावर तार टाकून उभ्या केलेल्या आपल्या मारुतीचं दार उघडून रेडिओचा आवाज वाढवला. तीच बाई, तेच शब्द, तीच टकटक. दोन गाड्यांच्या मधे बसलेली माणसं एकदा इकडे, एकदा तिकडे पाहू लागली.

नितेश उठला. महाराजांनी आडवा धरलेला हात बाजूला करून तो ॲम्बेसिडरमध्ये शिरला आणि पायाखालची चटई ओढली. तिथं पत्र्याचा डबा होता. एक वायर डब्याला आणि रेडिओला थेट बॅटरीशी जोडत होती, म्हणून किल्लीची गरज नव्हती. दुसरी रेडिओच्या एरियलच्या भोकात. तिसरी गाडीशेजारी रोवलेल्या ध्वजाच्या बांबूवर चढवलेल्या तांब्याच्या तारेला.

रागिणीनं आपला डबा काढून लोकांच्या हातात दिला. "उघडून पाहा. शाळेतलं पोरगंही बनवू शकतं. माझं एवढंच म्हणणं आहे की कुणी एखादी गोष्ट बंद ठेवायला सांगितली, तर ती चालू करून पाहा. खरं असेल ते चालू मशीनपुढेही टिकेल. आणि औषध बंद करायला सांगितलं, तर आधी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारा."

महाराज म्हातारीकडे किल्ली मागत होते. म्हातारी ओटी घट्ट धरून बसली होती. कुणीतरी पोलिसांना बोलवायला धावलं होतं; ते येईपर्यंत ती किल्ली देणार नव्हती.

घरी जेवणाची वेळ होत आली होती. नितेशनं लाल फडक्याची गाठ सोडली, इन्सुलिनचं पेन काढलं आणि अपेक्षापुढे धरलं. सुईवरचं टोपण मात्र त्याच्याकडून निघेना. तिनं पेन स्वतःच घेतलं.

"बाबा, तुमी तिकडं पाहा," ती म्हणाली. "तुमालेच भेव वाटते."