बिस्किटांच्या डब्यातली बटणं

काळं, चार भोकांचं, कडेला जरासं घासलेलं बटण… तिनं ते उजेडाकडे धरून फिरवून पाहिलं आणि पुन्हा डब्यात टाकलं. लहान पडेल. डब्याच्या झाकणावर बिस्किटांचं चित्र, आत मात्र तिच्या शिवणकामाची सगळी हयात — शाळेच्या गणवेशांची पांढरी बटणं, कुणाच्या झग्याची मोत्यासारखी, आणि तळाशी गेलेली, कुणाची ते आता आठवत नाही अशी. याच डब्यावरून सकाळी घरात केवढा खल झाला होता.

लेकीचं कामच ते, लहान मुलांच्या मनाचा अभ्यास. लहान मुलांना बंद डबा उघडून आतली वस्तू दाखवायची, पुन्हा झाकण लावायचं आणि विचारायचं, ज्यानं आत पाहिलेलं नाही त्याला काय वाटेल आत काय आहे? आईला काय वाटेल? आणि मग हळूच — देवाला? काही घरांतली मुलं, म्हणे, नीट बोलायला लागली नाहीत तोच सांगतात, देवाला सगळं दिसतं. काही घरांतली म्हणतात, देवही फसेल, वर बिस्किटं काढली आहेत ना. जसं घर तसा देव, लेक म्हणाली, आणि म्हणता म्हणता आईकडे चोरून पाहिलं, लागलं तर नाही हिला? लागायचं काय त्यात! शेजारणीची मुलगी बँकेत, समोरच्यांची दवाखान्यात. माझी लेक देवाच्या मनात काय चाललंय ते विचारत गावोगाव फिरते, आहे का कुणाची अशी? हे ती कुणाला बोलून दाखवत नाही. गर्व होऊ देऊ नकोस म्हणून सकाळी हात जोडते. पण जोडतानाही मान अंमळ ताठच असते, त्याला काय करणार.

तर सकाळी लेकीनं गंमत म्हणून भाचीलाच समोर बसवलं. ही नात म्हणजे घरातली वकीलबाई. शाळेत जायला लागून वर्ष झालं नाही, पण उलटतपासणी म्हणून थांबत नाही. आत्यानं डबा उघडला, बटणं दाखवली, मिटला. तुझ्या बाबाला काय वाटेल? बिस्किटं, वकीलबाई म्हणाल्या, बाबाला कधी काही माहीत नसतं. आणि देवाला?

"देवाला माहीत असतं बटणं आहेत. पण तो बिस्किटंच म्हणेल."

"माहीत असून खोटं का बोलेल गं तो?"

"खोटं नाही काही. आजीला सांगायला मिळावं म्हणून."

आत्यानं प्रश्न फिरवून फिरवून विचारला, उत्तर हललं नाही. शेवटी लेक हसत म्हणाली की हिला ना या बाजूला घालता येत ना त्या बाजूला, आई, तू बिघडवलंयस हिला.

मी? मी कधी शिकवलं? आपलं व्रत तेवढं रोजचं — संध्याकाळी देवापुढे बसून दिवस सांगायचा, सांगून होईपर्यंत तोंडात घास घालायचा नाही. सासूबाई असताना टोमणा मारायच्या, अगं त्याला काय दिसत नाही, की त्यालाही तुझ्यासारखा चष्मा लागलाय? तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. नात मांडीवर बसून ऐकत असते, पायाचा अंगठा धरून… तिथंच कुठंतरी उचललं असणार पोरीनं. सासूबाई, ऐकलंत ना?

मोठी बटणं कागदाच्या पुडीत निघाली. तिनं कोट मांडीवर ओढला.

हा कोट लेकीनं आल्या दिवशीच पुढ्यात टाकला होता. जुनाच, पण अस्तर लोकरीचं लाव, आतून खोल खिसा कर. कशाला गं? सहज. इथं थंडीत शाल पांघरली की भागतं, आणि ही सहज लोकरीचं अस्तर लावते! तरी आईनं मनाशीही काही ताडलं नसतं. पण काल बोलता बोलता लेक म्हणाली, बटणं मोठी घे हं, हातमोजे घालूनही लावता येतील अशी.

हातमोजे…

म्हणजे दूर. एवढ्या दूर, की रविवारी येऊन केस धुऊन घेता येणार नाहीत. कधी जाणार, किती वर्षांसाठी, लेकीनं अवाक्षर काढलेलं नाही. विचारून टाकावं, एकदा वाटलं, जिभेवर आलंच होतं… या घरात ज्याची गोष्ट त्यानं सांगायची असते. लहानपणी ही पडद्यामागं लपायची, खाली दोन्ही पाय उघडे, आणि मी घरभर हाका मारत हिंडायची, कणगीत नाही, पलंगाखाली नाही, गेली कुठं बाई! पडदा हसून हसून हलायचा.

दुपारी लेकीनं कोट अंगावर चढवून पाहिला. आईनं ओठांत टाचण्या धरल्या होत्या, बरंच झालं. खांद्यावर एक सुरकुती नाही, अस्तर बाहेरून ओळखू येत नाही; असा हात पंचक्रोशीत कुणाचा नाही, हे तिनं स्वतःशी कबूल केलं.

"आई," लेक म्हणाली.

तिनं नुसती मान वर केली.

"काही नाही. छान बसलाय."

संध्याकाळी ती देवापुढे बसली. दूध उतू गेलं ते सांगितलं, वकीलबाईंचा निकाल सांगितला, सांगताना आवाज जरा चढला. मग म्हणाली, आज एक कोट शिवून झाला… आणि थांबली. कुणाचा, कशासाठी, ते आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिवसातलं काही आतच राहिलं. समोरून नेहमीसारखीच शांतता. पण आज त्या शांततेची तिला ओळख पटली. घरभर हाका मारत फिरताना आपल्याही तोंडावर हेच असायचं… नजर पडद्याकडे जाऊ द्यायची नाही.

मागं उंबऱ्याशी पावलं येऊन थबकली. कोटाची बाही चौकटीला घासली. घास घ्यायची वेळ होऊन गेली होती. तिनं वळून पाहिलं नाही. पाठ सरळ केली, हात तसेच जोडलेले ठेवले, आणि मनातल्या मनात कणगीत पाहिलं, पलंगाखाली पाहिलं…