आधी काय बदलायचं

येर्सननं ग्राफिक्स कार्ड टेबलावर आदळलं, तेव्हा रोसमेरी संगणकाच्या उघड्या डब्यातली धूळ ब्रशनं काढत होती.

"घे. तूच म्हणाली होतीस ना, आधी कार्ड?"

कार्ड भलं दांडगं होतं, तीन पंख्यांचं. खोका नाही, पावती नाही. गेल्या रविवारी जेवताना भावानं सहज विचारलं होतं, या खटाऱ्यात आधी काय बदललं तर जरा जीव येईल? आणि तोंडातला घासही न गिळता तिनं सांगून टाकलं होतं, "कार्ड. पर्सीकडे आहे ना, तसलं." लिमातली गेमिंगची स्पर्धा तोंडावर आली होती, आणि तिच्या पडद्यावर शत्रू दिसायचा तो गोळी लागून गेल्यावर.

तिनं कार्ड उलटं केलं. मागच्या पत्र्यावर पांढऱ्या मार्करनं सही केलेली होती. काय्याओ बंदराजवळच्या या वस्तीत यंत्र दुरुस्तीला देताना माणसं एकेका भागावर सही करून देत. न जाणो, चांगला भाग काढून कोणी भंगारातला बसवायचा! वस्तीतली निम्मी यंत्रं रोसमेरीच साफ करायची. ही सही पर्सीनं तिच्यासमोर, याच टेबलावर केली होती आणि खाली मांजराचं तोंड काढलं होतं. "तुझा काय भरवसा बाई," म्हणून वर हसलाही होता.

पर्सी तिच्या संघातला, तिचा जिवाचा मित्र. बुधवारपासून तो इस्पितळात होता. कोणीतरी घरात घुसून नळाच्या पाइपानं त्याचं डोकं फोडलं होतं, उजव्या हाताची बोटं मोडली होती. कोणी, ते त्यानं पोलिसांना सांगितलं नाही. रोसमेरीनं उशाशी बसून विचारलं तेव्हा तर त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं, दुखत असेल.

"येर्सन, हे पर्सीचं आहे."

"होतं."

"तू मारलंस त्याला?"

"तोंडाला फडकं बांधलं होतं मी. तरी मेल्यानं ओळखलं. 'येर्सन, अरे मी पर्सी, रोसेचा पर्सी,' करत बसला. गप्प राहिला असता तर दोन फटक्यांत भागलं असतं."

हातातला ब्रश टाकून स्क्रूड्रायव्हर कधी उचलला, तिचं तिलाच कळलं नाही. तो येर्सनच्या दंडात चांगला बोटभर रुतला. येर्सननं क्षणभर दंडाकडे बघितलं, मग तिचे केस धरले आणि तिचं कपाळ डब्याच्या पत्र्यावर हाणलं. एकदा, आणि पुन्हा. भुवई फाटली. रक्त खालच्या तारांवर ठिबकलं. ती जमिनीवर पडली तशी त्यानं बरगडीत लाथ घातली. स्वयंपाकघरात आईनं रेडिओचा आवाज मोठा केला. बाप होता तेव्हाही ती हेच करायची.

"तुझ्यासाठी केलं ना मी!" येर्सन ओरडला. आवाज रडवेला झाला होता त्याचा. "तू सांगितलंस म्हणून केलं! अख्ख्या गल्लीला सांगून बसलोय, माझी बहीण पहिली येणार म्हणून. ऊठ. बसव ते कार्ड."

ती उठली. एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, पण बोटांना सवय होती. कार्ड बसलं. बटण दाबलं. पंखे गरगरले, पडदा उजळला, आणि खट्टकन आवाज होऊन सगळंच बंद पडलं. जळका वास सुटला.

"आता काय झालं?"

रोसमेरीनं जुना पॉवर सप्लाय बाहेर काढून उघडला. आत सिमेंटचा गोळा होता. हातात वजनदार लागावा म्हणून बाजारात असले गोळे भरून विकतात. खरं तर आधी हाच बदलायला हवा होता, आणि ते तिला रविवारीही पक्कं ठाऊक होतं. पण पर्सीच्या पडद्यावरचा तो झगमगाट तिच्या डोळ्यांत भरला होता. जळत होती ती त्याच्यावर.

येर्सन दंडाला फडकं गुंडाळत समोर उभा होता.

"बोल की! आता आधी काय आणायचं?"

ती ज्या घराचं नाव घेईल, त्या घरात हा आज पाइप घेऊन शिरणार होता.

"पॉवर सप्लाय," ती म्हणाली. "पण चांगला हवा."

"कोणाकडे आहे?"

"गोदामामागचं हिरवं घर. मीच साफ केलंय तिथलं यंत्र. घरात एक म्हातारी असते, तीही बहिरी."

हिरव्या घरात म्हातारी नव्हतीच. ते घर चातोनं गुपचूप घेतलं होतं. चातो म्हणजे बंदराच्या दुकानदारांकडून हप्ते उकळणारा. त्याचं नाव घेताना वस्तीतली माणसं आवाज खाली आणत. रोसमेरी मागच्या महिन्यात यंत्र साफ करायला गेली तेव्हा दारातच दोघा पिस्तूलवाल्यांनी तिची झडती घेतली होती आणि, "इथं आलीस हे विसरून जा," असं बजावलं होतं. ती कुणापाशी काही बोलली नव्हती.

येर्सननं तिच्या गालावर हलकेच थोपटलं. "बघ, अशी नीट बोलली असतीस तर मार खाल्ला असतास का, वेडाबाई?"

तो बाहेर गेला. मोटारसायकल पहिल्या लाथेला सुरू झाली नाही, दुसऱ्यालाही नाही. दार उघडंच होतं. हाक मारली असती तर त्याला सहज ऐकू गेली असती. रोसमेरीनं पर्सीचं कार्ड सोडवलं, सहीला धक्का न लावता त्यावरचं रक्त पुसलं आणि ते टॉवेलात गुंडाळलं. मोटारसायकल सुरू झाली, गल्लीच्या टोकाला वळली.

आईनं रेडिओ बारीक केला.

"रोसे, मसूर झालीय गं. येर्सन येतोय ना जेवायला? किती ताटं घेऊ?"

"दोन," रोसमेरी म्हणाली.