सात नंबर बाकावर

"मिनिट चौदा. अकरा नंबर, दोन गुण." चारुशीलाबाईंनी वाचलं आणि किन्नू संत्र्याची सालं वहीपासून लांब सरकवली.

मैत्रेयीनं लॅपटॉपवर आकडे भरले. चंडीगडच्या धुक्यातून चार दिवसांनी ऊन पडलं होतं, ते वाया जाऊ नये म्हणून मायलेकी बाल्कनीतच ठाण मांडून बसल्या होत्या. मधे उघडी काळी ट्रंक. तिच्यावर पांढऱ्या रंगात गुरुनाथांचं नाव, हुद्दा आणि बदलीच्या सहा गावांची नावं, शेवटचं सोडून बाकीची खोडलेली.

गुरुनाथांना जाऊन आठ महिने झाले होते. काल एकदाची ट्रंक आवरायला घेतली, तर तळाशी ही वही निघाली. लग्नाआधीची, पुण्यातल्या अकरा बास्केटबॉल सामन्यांची. हवाई दलातला माणूस. दिसेल ते वेळेसकट टिपून ठेवायची खोड हाडात मुरलेली. कोण मैदानात, कोण बाहेर, कितव्या मिनिटाला कुणी गुण केले, सगळं शिसपेन्सिलीनं.

सात नंबर म्हणजे चारुशीला. अकरा नंबर सरोज, तिची जिवाभावाची मैत्रीण आणि संघाची हुकमी खेळाडू. "मी तर सरोजचा खेळ बघायला यायचो," असं गुरुनाथ जन्मभर चिडवत राहिले. पाहुण्यांसमोर, मेसच्या पार्ट्यांत, अगदी इस्पितळातल्या खाटेवरूनही. चारुशीलाबाई दर वेळी हसायच्या. पण ती थट्टा होती की खरं, हे विचारायचं राहूनच गेलं, आणि आता विचारणार कुणाला?

म्हणून हा उद्योग. मोहालीतल्या कंपनीत मैत्रेयी परदेशी संघांच्या नामांकित खेळाडूंची अशीच तुलना करायची.

"गुण सोड, आई. गुण तर सरोजमावशीचेच ज्यादा आहेत," ती म्हणाली. "तू मैदानात असताना टीम किती पुढे गेली आणि तू बाहेर बसल्यावर काय झालं, ये देखना है. त्यातला फरक म्हणजे तुझी असली व्हॅल्यू. तू भारी निघालीस तर बाबा नुसते चिडवत होते, पक्का. त्यांना गेम कळायचा."

"आणि सरोज निघाली तर?"

मैत्रेयीनं एक फोड तोंडात टाकली. "पुढचं वाच."

तासाभरानं तिची बोटं थांबली. तिनं वही स्वतःकडे ओढून पानं मागे-पुढे केली.

"तू बाहेर असतानाचा स्कोअरच नाहीये यार. ही बघ पहिली मॅच. चौदाव्या मिनिटाला तू बाहेर, एकविसाव्याला आत. बीच में कुछ नहीं. अकराच्या अकरा मॅचमध्ये असंच."

"पानं फाटली असतील."

"पानं आहेत. गुणांचे रकाने रिकामे आहेत. आणि मावशी तर तेव्हा खेळत होती ना? तिचेही नाही लिहिले. मग तुलना करू कशी?" तिनं लॅपटॉप मिटला. "शेऱ्यांमध्ये काहीतरी खरडलंय फक्त. ते मी घेतलंच नाही. बाबांचं मराठी अक्षर मला कुठे वाचता येतं!"

"ह्यांचं अक्षर मलाच धड लागत नाही," म्हणत चारुशीलाबाईंनी हात पदराला पुसले आणि चष्मा सारखा केला.

पंधरा : पाणी प्यायली.

सोळा : डाव्या बुटाची नाडी बांधली.

अठरा : गुडघा धरून बसली आहे. दुखतोय वाटतं. कुणी विचारतही नाही.

वीस : हसली.

चारुशीलाबाईंचा हात गुडघ्याकडे गेला. तो अजूनही दुखायचा, थंडीत जरा जास्तच. आणि न विचारता तेलाची वाटी कोमट करून आणणारं माणूस आता घरात नव्हतं. त्या क्षणी त्यांना गुरुनाथ हवे होते, बाकी काही नको होतं. खाली गेटाशी कुणाची तरी कॅब हॉर्न वाजवत होती. त्यांनी पान उलटलं, मग दुसरं, मग तिसरं.

"काय लिहिलंय, आई?"

"काही नाही गं," त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "स्कोअर लिहायचा विसरलाय शहाणा."