चार नंबरची पाचर

"काढल्या ना सगळ्या?" मॅनेजरने दबक्या आवाजात विचारलं. "तपासणी अधिकारी फाटकात आलेत. ते गेले की परत लाव."

"काढल्या," मिस्त्री म्हणाला. त्याच्या खिशात आठ लाकडी पाचरी होत्या.

पत्रा ठोकणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण घाईचं काम आलं आणि मॅनेजर म्हणाला, उजवं बटण पाचर मारून दाबूनच ठेव, बायका त्या हाताने माल सरकवतील. मिस्त्रीने आठ मशीनना आठ पाचरी तासल्या, वर पेन्सिलीने नंबरही घातले. कामात चोख माणूस. आता त्या चोखपणाची त्यालाच शिसारी येत होती. कारण परवा चार नंबरवर मावशीची तीन बोटं गेली.

सगळे तिला मावशीच म्हणत. "तासकामात आमच्या मिस्त्रीचा हात कोणी धरणार नाही हो," असं पाचर बसवताना तीच हसून म्हणाली होती.

सकाळी बायकोने बजावलं होतं, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नका. पाचर तुमच्या हातची. तुम्हीच अडकाल." तिचं काही खोटं नव्हतं.

अधिकाऱ्याने चार नंबरची दोन्ही बटणं दाबली. ठोका पडला. मग एकच दाबलं, तर मशीन ढिम्म.

"मग बाईंचा हात आत गेला कसा?"

"त्यांनीच काहीतरी खटपट केली असणार," मॅनेजर म्हणाला. "आम्ही शंभरदा सांगतो. त्यांच्या चुकीची भरपाई कंपनीने का द्यायची? विचारा या मिस्त्रीला."

मिस्त्रीने मनात हिशोब केला. हो म्हटलं की आपण सुटलो. पण मावशीची बोटंही गेली, आणि वर चूकही तिचीच. नाही म्हटलं, तर या वयात कोणाच्या दारात उभं राहायचं? समोर खुंटीवर मावशीचा फिरकीच्या झाकणाचा डबा परवापासून तसाच लटकत होता.

त्याने खिशातून चार नंबरची पाचर काढली आणि उजव्या बटणाच्या खाचेत बसवली. अगदी घट्ट बसली, बसणारच होती. मग डावं बटण एका बोटाने दाबलं. ठोका पडला. आजूबाजूच्या बायकांनी माना वर केल्या.

"बाकी सात या," तो म्हणाला.

"कोणी केल्या?"

"मी. आकडे माझेच आहेत."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

त्याने मॅनेजरकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंडातून शब्द फुटला नसता. "यांच्या," तो म्हणाला.

मग त्याने जबाबावर सही केली.

"अवजारांची पेटी इथेच ठेवून जायची," मॅनेजर मागून म्हणाला.

नळावर त्याने मावशीचा डबा घासला. आता हॉस्पिटलात जायचं, पण तिला तोंड कसं दाखवायचं या धास्तीने पाय उचलत नव्हते. सवयीने त्याने झाकण घट्ट पिळलं. मग थांबला, उलटं फिरवून थोडं सैल केलं. एका हाताने उघडेल इतकं.